मधल्याचा भाव

पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, किंमत छापलेली असते. जागा केवढी, तर पोस्टाच्या तिकिटाएवढी. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी शहाण्या माणसाने बसून, हिशेब करून ती ठरवली असणार. मीरालाही असंच वाटायचं, पण ते ती स्वतः प्रकाशक होण्याआधी. आता गेले आठ दिवस ती एवढीशी जागा तिला खायला उठली होती. बाकी सगळं पुस्तक तयार होतं. दोनशे आठ पानं तीनदा तपासून झाली होती, मुखपृष्ठावर लाल एसटी झकास उतरली होती, आणि वसई पूर्वेच्या एका गाळ्यात छापखाना चालवणारा जेन्सन दिवसाआड फोन करून विचारत होता, "मॅडम, किमतीच्या जागी तीन शून्यं आहेत. तशीच छापू काय?"

मीरा विरार पश्चिमेला राहायची. बावीस वर्षं तिने अंधेरीच्या एका विमा कंपनीत काढली होती, आणि दोन वर्षांपूर्वी, चांगली बढती समोर असताना, राजीनामा देऊन 'पाणवठा प्रकाशन' सुरू केलं होतं. पहिलं पुस्तक रानभाज्यांचं. एका प्रतीला खर्च आला नव्वद रुपये, तिने किंमत ठेवली एकशे चाळीस. पन्नास रुपये नफा, असं डायरीत लिहून तिने खाली ठसठशीत रेघही मारली. दुकानदाराला चाळीस टक्के कमिशन द्यावं लागतं, ही गोष्ट तिला पुस्तक छापून आल्यावर कळली. म्हणजे हातात येणार चौऱ्याऐंशी, आणि दर प्रतीमागे सहा रुपये पदरचे.

एवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पण ते पुस्तक खपलं! एखादं पुस्तक पडून राहिलं म्हणून रडणारे प्रकाशक पुष्कळ असतील, खपलं म्हणून रडणारी मीरा एकटीच. लोक फोन करून अभिनंदन करायचे, ती "थँक्यू, थँक्यू" म्हणायची आणि मनात देवाला हात जोडायची, की बाबा, आता पुरे कर.

त्यामुळे या दुसऱ्या पुस्तकावर सगळं येऊन ठेपलं होतं. बँकेत उरलेले पैसे एवढ्यापुरतेच होते. जुन्या ऑफिसातून निरोप आला होता, परत यायचं असेल तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवा. नवरा संग्राम गडी समजूतदार, त्याने कधी एका शब्दाने टोचलं नव्हतं. मीरानेच त्याला सांगून टाकलं होतं, "पहिल्या महिन्यात दीडशे प्रती गेल्या, आणि त्याही तोटा न होता, तर पाणवठा राहील. नाहीतर मी मुकाट्याने डबा भरून अंधेरीला जाते." संग्राम म्हणाला होता, "डबा मी भरीन, पण तू जाऊ नकोस." असं बोलणाऱ्या माणसाला निराश करायची भीती जास्त वाटते.

पुस्तक होतं गॉडफ्रेंचं. एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती, त्यातली बहुतेक आगाशी-अर्नाळ्याच्या फेऱ्यांवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार जाड वह्या भरून काढल्या आणि एक दिवस त्या केळ्याच्या घडासारख्या बांधून मीरासमोर आणून ठेवल्या. नाव दिलं होतं 'पुढे सरका'. वाचताना मीरा एवढी हसली की शेजारणीने बेल वाजवून चौकशी केली.

आता घोडं पेंड खात होतं ते किमतीशी. त्या बुधवारी सकाळी आगाशीच्या बाजारात, सुधाकरकाकांच्या पुस्तकाच्या दुकानाच्या ओट्यावर तिघांची बैठक बसली. सुधाकरकाका अडतीस वर्षांचे मुरलेले पुस्तकविक्रेते. गाईड, वह्या, कंपासपेट्या विकून पोट भरायचं आणि मागच्या दोन कपाटांत कथा-कादंबऱ्या ठेवून मन भरायचं, असा त्यांचा धंदा. विरारपासून अर्नाळ्यापर्यंत मराठी पुस्तक खपायचं तर त्यांच्या हातून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं, हीच अडचण होती.

"चारशे टाका," काका म्हणाले.

"चारशे? काका, एवढ्याशा पुस्तकाला?"

"अहो मीराताई, ऐकून घ्या. चारशे छापायचे. तुम्ही मला चाळीस टक्के द्यायचे. मी दारात बोर्ड लावतो, पंचवीस टक्के सवलत. गिऱ्हाईक तीनशेला घेतं, शंभर वाचले म्हणून खुशीत घरी जातं. तुम्हाला दोनशे चाळीस, मला साठ. आणि माल परतीच्या बोलीवर. उरेल तो तुम्ही उचलायचा."

"म्हणजे तीनशेची वस्तू आधी चारशेची करायची, आणि मग तीनशेला विकायची?"

"याला व्यापार म्हणतात."

"याला मी दुसरं काहीतरी म्हणते," मीरा म्हणाली. "दोनशे वीस. जेवढ्याचं तेवढं."

"दोनशे वीसमधून माझे चाळीस टक्के गेले की तुमच्या हातात एकशे बत्तीस. त्यात छपाई, लेखकाचं मानधन, रिक्षाभाडं. परत डायरीत रेघ मारायची आहे का?"

हा घाव वर्मी बसला. मग गॉडफ्रेंनी घसा साफ केला. "माझं विचाराल तर पन्नास रुपये. डेपोतले आमचे पोरगे घेणार कसे नाहीतर?"

"पन्नास!" दोघंही एकदम ओरडली. त्या सकाळी त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका शब्दावर.

"मला काय कळतं त्यातलं?" गॉडफ्रे हात वर करून म्हणाले. "तिकिटाचे दर आम्ही कधी ठरवले नाहीत. वरून यायचे. शिव्या मात्र आम्हाला बसायच्या."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा सगळा प्रकार. पुस्तक अजून छापलंही नव्हतं, आणि चारशे, दोनशे वीस, पन्नास असे आकडे ओट्यावरून तास-सव्वा तास उडत होते. ओट्याच्या खालच्या पायरीशी शकूमावशी बसायच्या, समोर मोठी टोपली, टोपलीत केळी, उन्हात वाळवलेली सुकेळी आणि चार पालेभाज्यांच्या जुड्या. गेली वीस वर्षं त्यांची ती जागा. त्यांनी हे सगळं निमूट ऐकून घेतलं आणि शेवटी वर मान केली.

"तुमचा तंटा ऐकून माझी मेथी सुकली," त्या म्हणाल्या. "मधला घाला नि मोकले व्हा."

"मधला म्हणजे?" मीराने विचारलं.

"आमच्याकडे वाडीवाला नि व्यापारी अडले का मधला घालीत. माझा बाप, बळीराम, तीस वर्षं मधला होता. दोघांचं ऐकायचं, माल बघायचा नि भाव बोलायचा. तो बोलला का दोघांनी मान हलवायची. मागे-पुढे करायचं नाय."

सुधाकरकाका हसले. "मग आता पुस्तकाला मधला कुठून आणायचा?"

"मी हाय ना."

काकांना वाटलं गंमत आहे. पण शकूमावशी हसत नव्हत्या. मीराने काकांकडे पाहिलं, काकांनी गॉडफ्रेंकडे. जेन्सनला सोमवारी छपाईला बसायचं होतं. दुसरा कुठला उपाय कुणाला सुचत नव्हता, आणि खरं सांगायचं तर वीस वर्षांत शकूमावशींनी मापात कधी पाप केलं नव्हतं, हे तिथल्या पोराटोरालाही माहीत होतं.

"बरं, सांग मग," काका म्हणाले. "काय भाव?"

"असा कसा सांगू? माल बघितल्याबिगर? आना ते इकडे." मीराच्या हातातला छापील कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांनी तो सुकेळ्यांच्या पिशवीत घातला. "सातवीपर्यंत शिकलेय मी. शनिवारी या."

ते तीन दिवस मीराला डोंगराएवढे गेले. गुरुवारी तिने काहीतरी निमित्त काढून आगाशीला चक्कर मारली. शकूमावशी चष्मा नाकावर ओढून वाचत होत्या आणि समोर एक गिऱ्हाईक "मावशी, केळी कशी?" असं तिसऱ्यांदा विचारत होतं. मावशींनी वर न बघताच बोट ओठांवर ठेवलं. ते बघून मीराला एवढा आनंद झाला, की ती न भेटताच परत फिरली आणि रिक्षात एकटीच हसत राहिली.

शनिवारी सगळे ओट्यावर जमले. मावशींनी गठ्ठा परत केला. पान चाळीसवर केळ्याचा डाग होता. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, उलट गॉडफ्रेंवरच घसरल्या. "ती बिनतिकिटाची म्हातारी लिवलीस ना, ती माझी आत्या. पैसे नव्हते म्हनून नाय, विसरली होती ती."

"मी दंड केला नव्हता, शकूबाय. माझ्या खिशातून तिकीट फाडलं."

"म्हनून तर गप बसले. नायतर आज तुझं काय खरं नव्हतं." मग त्या मीराकडे वळल्या. "छापायला किती लागतात तुला?"

"एकशे दहा."

"नि ह्याला?" त्यांनी गॉडफ्रेंकडे मान वळवली.

"छापील किमतीच्या दहा टक्के."

"शेट, तुमच्या हातात शेवटी किती राहतात?"

"सांगितलं ना, साठ."

"मग ते चारशे, चाळीस टक्के, पंचवीस टक्के, ते सगळं कुनासाठी? चढवायचं नि उतरवायचं, नुसता पाळना हलवता का?" काका काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "आता माझा सवाल. बाप्या मानूस बायकोला न विचारता एका वेळी किती खर्च करतो?"

असा प्रश्न कुठल्या प्रकाशकाने कधी कुणाला विचारला असेल, असं वाटत नाही. गॉडफ्रे प्रामाणिकपणे म्हणाले, "दोनशे. अडीचशे, फार तर."

"आनि बाई, नवऱ्याला न विचारता?"

"तेवढेच," मीरा म्हणाली. "पण ती आधी दोन दिवस विचार करते."

"झालं तर. त्याच्यावर गेला का मानूस घरी विचारायला जातो, नि घरी गेलेला मानूस पुस्तक घ्यायला परत येत नाय. अडीचशे. मीराने शेटला दोनशेला द्यायचं, शेटने अडीचशेला इकायचं. सवलत एक पैसा नाय. बोर्ड नाय."

मीराने मनातल्या मनात हिशेब केला. दोनशेतून छपाईचे एकशे दहा गेले, गॉडफ्रेंचे पंचवीस गेले, राहिले पासष्ट. रेघ मारण्याजोगे.

"म्हणजे माझे दहा रुपये कमी?" काका म्हणाले.

"बोर्ड रंगवायचा खर्च वाचला."

"शकू, थट्टा नाही. सवलतीशिवाय आज कुणी पुस्तकाला हात लावत नाही. अडतीस वर्षं बघतोय मी. आत यायच्या आधी विचारतात, डिस्काउंट किती? या भावाने एक प्रत जायची नाही."

"तेच आता दाखवायचं," मावशी म्हणाल्या. "मधल्याने नुसतं बोलायचं नसतं. जो भाव बोलला, त्या भावाने एक टोपली सोता उचलायची नि त्याच दिवशी, त्याच भावाने बाजारात इकून दाखवायची. नफा घ्यायचा नाय. राहिला माल तर नुकसान मधल्याचं. बापाचा भाव एकदा चुकला होता. आठवडाभर आम्ही दोन्ही वेळा पडवळ खाल्लं. पुस्तकं काय खाता पन येनार नाय." आणि त्या हसल्या. "चाळीस मावतील माझ्या टोपलीत."

चाळीस प्रती म्हणजे दहा हजार रुपये. केळी विकून एवढे पैसे गाठीला बांधायला मावशींना किती दिवस लागत असतील, हे मीराला कळत होतं. ती नको नको म्हणाली. मावशींनी ऐकलं नाही. ठरलेला नियम वाकवायचा, तर मग भाव तरी कशाला ठरवायचा, असं त्यांचं म्हणणं. ओट्यावरूनच मीराने जेन्सनला फोन लावला. "जेन्सन, दोन, पाच, शून्य." पलीकडून जेन्सन म्हणाला, "अरे वा, एक शून्य तरी उपयोगी पडलं!"

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, पुस्तक बाजारात आलं. पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, शाल नाही. आत काकांच्या टेबलावर साठ प्रती, तेवढ्यापुरता सवलतीचा बोर्ड उतरवलेला. बाहेर पायरीशी शकूमावशी, त्या दिवशी टोपलीत एकही केळं नाही, धुतलेल्या फडक्यावर चाळीस 'पुढे सरका' उभे रचलेले. गॉडफ्रे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चर्चमधून थेट आलेले. मीरा खांबाला टेकून उभी.

पहिला तासभर काही नाही. लोक येत, केळी कुठे गेली विचारत आणि पुढे सरकत. एकाने प्रत उचलली, उलटून किंमत पाहिली आणि म्हणाला, "दोनशेला द्या." मावशींनी त्याच्या हातातून ती अलगद काढून घेतली. दुसऱ्याने मोबाईल काढला. "ऑनलाइन कितीला आहे?" मीराने सांगितलं, तिथे अजून आलेलं नाही. तर तो म्हणाला, "मग येऊ दे." दारात उभ्या असलेल्या सुधाकरकाकांच्या भुवया सगळं बोलत होत्या. मीराच्या डोळ्यांपुढे अंधेरीचं ऑफिस, तिचं जुनं टेबल, सगळं दिसायला लागलं.

मग शकूमावशींनी चष्मा लावला, एक प्रत उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्नाळ्याला एक बाई चढली. हातात कापडी पिशवी. मी तिला तिकीट दिले आणि पुढे सरकणार, तोच पिशवी म्हणाली, कॉक.'"

चालणारी दोन माणसं थांबली.

"'मी विचारले, आत काय? बाई म्हणाली, वांगी. पिशवी पुन्हा म्हणाली, कॉक. सगळी गाडी वांग्यांकडे बघू लागली.'"

आता दहाजण झाले. मावशी काही घाईत नव्हत्या. पिशवीतली कोंबडी कशी सुटली, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर कशी जाऊन बसली, एका भटजींच्या मांडीवर तिने अंडं कसं घातलं, हे सगळं त्यांनी नीट थांबत थांबत वाचलं. लोक पोट धरून हसत होते. भाजीवाल्या भाजी टाकून आल्या. "'आणि तेवढ्यात,'" मावशींनी आवाज चढवला, "'बोळिंजच्या स्टॉपवर गाडी थांबली आणि तिकीट तपासनीस आत चढला. त्याने आधी कोंबडीकडे पाहिले, मग भटजींकडे, मग माझ्याकडे. तो म्हणाला,'" आणि मावशींनी पुस्तक फटकन मिटलं.

"काय म्हणाला?" सगळा बाजार एका सुरात.

"पान एकशे बारा. अडीचशे रुपये."

एकच कल्ला झाला. कुणी म्हणालं ही लबाडी आहे. कुणी गॉडफ्रेंना गाठलं. "अंकल, तुम्हीच सांगा, काय म्हणाला तो?" गॉडफ्रेंनी एकतीस वर्षांच्या सवयीने हात पुढे केला. "आधी तिकीट काढा."

हसण्याची लाट उसळली, पण पाकीट अजून कुणी काढत नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी गर्दीतून जयवंती पुढे आली. सत्तरीची, पहाडी आवाजाची, बाजारात जिला कुणी अडवत नाही अशी. "अरे पैसे कशाला घालवता?" ती म्हणाली. "मी होते त्या गाडीत! तो काय म्हनाला ते मी सांगते, फुकट."

संपलं. चाळीस प्रती, दहा हजार रुपये, मावशींचं सगळं धाडस, आता एका वाक्यात वाहून जाणार होतं. लोक जयवंतीभोवती गोळा व्हायला लागले.

शकूमावशी जागच्या हलल्या नाहीत. "सांग, सांग," त्या म्हणाल्या. "पन तुझं नाव पुस्तकात कसं आलंय, ते वाचलंस का?"

जयवंती उघडलेलं तोंड तसंच ठेवून थांबली. "माझं नाव? पुस्तकात?"

"पान एकशे चौदा. मी कशाला सांगू?"

जयवंतीने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा गॉडफ्रेंकडे. गॉडफ्रे आभाळाकडे बघत होते. तिने कमरेची पिशवी सोडली, शंभराच्या दोन आणि पन्नासाची एक नोट काढली, मावशींच्या हातावर ठेवली आणि तिथेच उभ्या उभ्या पान एकशे चौदा काढलं. वाचता वाचता तिचा चेहरा आधी लाल झाला, मग फुलला, आणि मग ती एवढ्या जोरात हसली की बाजारातल्या पिंपळावरची पाखरं उडाली. "खोटं आहे रे हे!" ती गॉडफ्रेंना म्हणाली. "पन सुरेख लिवलंयस."

त्यानंतर जे झालं ते मीराला नीटसं आठवत नाही, इतकं ते भरभर झालं. "माझा सासरा आहे का त्यात? तो रोज पहिल्या गाडीला असायचा." "आमच्या चांदीपच्या मामाचं काही लिहिलंय?" प्रत्येकाला आपलं माणूस पुस्तकात आहे का ते बघायचं होतं, आणि मावशी प्रत्येकाला फक्त पानाचा नंबर सांगत होत्या. दोनशेला मागणारा तो पहिला गृहस्थ परत आला आणि काही न बोलता अडीचशे देऊन गेला. मघाचा मोबाईलवाला दोन घेऊन गेला. टोपली तळाला लागली तशी माणसं काकांच्या दुकानात घुसली. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच सुधाकरकाकांना कुणी "डिस्काउंट किती?" असं विचारलं नाही. लोक विचारत होते, "शिल्लक आहे का?"

साडेबाराच्या सुमारास काका बाहेर आले. टेबलावरच्या साठही प्रती संपल्या होत्या. कपाळावरचा घाम पुसत ते मीराला म्हणाले, "उद्या अजून शंभर पाठवा. दोनशेच्या भावानेच." आणि जरा थांबून, दुसरीकडे बघत, "परतीच्या बोलीवर नको. पक्की घेतो."

मीराला हुंदका आला. पुस्तकाच्या धंद्यात विक्रेत्याने पक्की घेतो म्हणणं म्हणजे काय, हे तिला दोन वर्षांत चांगलंच कळलं होतं. चाळीस, साठ आणि हे शंभर. डबा कुणी भरायचा, हा प्रश्न आता घरात उरला नव्हता. तिने संग्रामला फोन लावला, तिला बोलताच येईना, आणि तोच पलीकडून म्हणाला, "रडतेयस म्हणजे खपलं. की खपलं नाही? एकदा नक्की सांग बाई, तुझं काही कळत नाही." ती रडता रडता हसायला लागली.

टोपलीत एक प्रत उरली होती. एक बाई ती मागत होती, मावशी देत नव्हत्या. "ही इकायची नाय. ही माझी." त्यांनी एकोणचाळीस प्रतींचे पैसे मीराच्या हाती दिले. मीरा म्हणाली, "मावशी, यातले तुमचे म्हणून काहीतरी घ्या," तर त्यांनी तिला गप्प केलं. मधल्याने खाल्लं की भाव नासतो, एवढंच म्हणाल्या. मग त्या कमरेची पिशवी उघडून नोटा मोजायला लागल्या. दहाच्या, वीसच्या, मऊ पडलेल्या, केळ्याच्या चिकाचे डाग असलेल्या.

"हे काय करता?" मीरा म्हणाली. "ही प्रत माझ्याकडून तुम्हाला."

"अगं शकू, तुला कसली छापील किंमत?" काकाही म्हणाले. "घरचीच तू. बरं, दोनशेला घे, मला पडते तशी."

शकूमावशींनी नोटा मोजता मोजता दोघांकडे रोखून पाहिलं.

"वीस वर्षं मी बाजारात बसते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनं कोनी सांगितलेल्या भावाने काय नेलं नाय. दहाची जुडी आठला मागतात, गाडीतनं उतरून मागतात. आनि मी पन कुठे काय घेतलं, तर घासाघीस केल्याबिगर घेतलं नाय. आज एक वस्तू मना छापल्या किमतीने घेऊ द्या ना. बघू तरी कसं वाटतं."

आणि त्यांनी दोनशे पन्नास रुपये मोजून मीराच्या तळव्यावर ठेवले. बावीस वर्षं मीराचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा व्हायचा, पण तिने केलेल्या वस्तूची किंमत अशी कुणी तिच्या हातात ठेवली नव्हती. तिला मूठ मिटवेना.

"कसं वाटलं, मावशी?" तिने विचारलं.

शकूमावशी पुस्तक रिकाम्या टोपलीत ठेवत होत्या.

"गिऱ्हाईक झाल्यासारखं," त्या म्हणाल्या, आणि टोपली डोक्यावर द्यायला मीराला हाताने खुणावलं.